लेफ्ट ब्रॅकेट, वन, एम

खराडीच्या त्या इमारतीत आमची खोली सगळ्यांत आत होती. बाहेरच्या दाराशी फोन आणि लॅपटॉप लॉकरमध्ये ठेवायचे, कार्ड दाखवून आत जायचं आणि दिवसभर परदेशातल्या एका कंपनीच्या सर्व्हरवर काम करायचं. खोलीला खिडकी नाही आणि त्या सर्व्हरची लाइन आणि ऑफिसची मेल सोडली तर आत इंटरनेटही नाही. त्या कंपनीची औषधांची गोदामं आहेत. कुठला खोका कुठल्या ट्रकमध्ये चढवायचा हे ठरवणारा त्यांचा प्रोग्रॅम फार जुना आहे आणि तो सांभाळायचं काम आमच्याकडे होतं. ज्या भाषेत तो लिहिलाय ती आता कोणी नव्याने शिकत नाही. कँटीनमध्ये मी तिचं नाव काढलं की बाकीची मुलं अदबीने ऐकून घ्यायची, एखाद्याच्या दुखण्याबद्दल ऐकून घ्यावं तशी.

खोलीत आम्ही दोघंच. मी पन्नाशी ओलांडलेली, विश्रांतवाडीहून स्कूटरवर येणारी. दुसरा माझा सहकारी, माझ्याहून बराच लहान, यवतमाळकडचा. कॉलेजात असताना त्याची नजर कमी कमी होत गेली आणि नोकरीला लागेपर्यंत संपली. हे त्याने मला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, पत्ता सांगावा इतक्या सहज, आणि नंतर तो विषय कधी काढला नाही.

त्याचं सगळं काम कानांवर चालायचं. स्क्रीनवर जे उमटेल ते वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम असतो, स्क्रीन रीडर. हेडफोनमधून एक बाई सतत बोलत असते. त्याने तिचा वेग एवढा वाढवून ठेवला होता की मी एकदा हेडफोन लावून पाहिला तर मला नुसती किरकिर ऐकू आली. त्याला मात्र त्यातलं अक्षर न् अक्षर कळायचं. आमच्या बंद खोलीत हा प्रोग्रॅम चालवायची परवानगी मिळवण्यातच त्याचे सुरुवातीचे महिने गेले होते.

त्या भाषेचं सगळं पुस्तक भाषेबरोबरच सर्व्हरवर येतं. टर्मिनलमध्ये, म्हणजे जिथे माउसचं काही काम नसतं आणि नुसत्या ओळी टाइप करायच्या असतात तिथे, एक छोटी कमांड द्यायची आणि पुढे हव्या त्या फंक्शनचं, म्हणजे भाषेतल्या तयार आज्ञेचं, नाव लिहायचं. त्याची माहिती पानापानाने समोर येते. आम्ही त्याला ‘डॉक’ म्हणायचो. मी डॉक अधूनमधून उघडायचे, तो दिवसभर. त्याचं पाठांतर माझ्यापेक्षा चांगलं होतं, पण पाठांतरावर त्याचा भरवसा नव्हता. आधी ऐकायचं आणि मगच ओळ लिहायची, ही त्याची पद्धत.

मग त्या उन्हाळ्यात कंपनीने सर्व्हर बदलला. सोमवारी सकाळी आम्ही नव्या सर्व्हरवर गेलो. आमचा प्रोग्रॅम नीट चालत होता, खोके ट्रकमध्ये चढत होते, सगळ्यांनी एकमेकांना अभिनंदनाच्या मेल पाठवल्या. दुपारी त्याने हेडफोन कानावरून बाजूला केला.

“ताई, तुमच्याकडे डॉक उघडते का?”

मी कमांड दिली. एकच ओळ आली. पुस्तक या मशीनवर बसवलेलं नाही, हवं असल्यास बसवून घ्यावं.

आम्ही टिकिट टाकलं, म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्या विभागाकडे रीतसर तक्रार नोंदवली. दोन दिवसांनी उत्तर आलं की हे पुस्तक इंटरनेटवर उपलब्ध आहे, कृपया ब्राउझरमध्ये पाहावं. मी लिहिलं, आमच्या खोलीत इंटरनेट नाही. त्यावर उत्तर आलं की मग खोलीबाहेर पाहावं.

मग पुढचे काही आठवडे तसंच चाललं. त्याला काही अडलं की मी उठायचे, कार्ड दाखवून बाहेर जायचे, लॉकर उघडायचा, फोनवर ते पान शोधायचं, कागदावर उतरवून घ्यायचं, परत आत यायचं आणि त्याला वाचून दाखवायचं. त्याला बाहेर जाऊन फोनवर ऐकता आलं असतं आणि पहिल्या दिवशी तो गेलाही. पण दाराशी सुरक्षारक्षकांची अदलाबदल होती आणि नवा रक्षक त्याला दर वेळी काठी मशीनमधून घालायला लावत होता. दुसऱ्या दिवशी मीच म्हटलं, तू बस, मी जाते.

मी ते टिकिट पुन्हा पुन्हा उघडत राहिले आणि शेवटी पुस्तक बसलं. टिकिटावर हिरवी खूण आली. त्याने लगेच कमांड दिली, आणि मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते म्हणून मला तो बदलताना दिसला. त्याने कपाळाला आठ्या घातल्या, बाईचा वेग कमी केला, मग आणखी कमी केला.

“काय म्हणून राहिली ही?” तो म्हणाला आणि त्याने हेडफोनची वायर काढली.

खोलीत त्या बाईचा आवाज आला. “ईएससी लेफ्ट ब्रॅकेट वन एम नेम ईएससी लेफ्ट ब्रॅकेट झीरो एम.” मग जरा मजकूर आणि पुन्हा, “ईएससी लेफ्ट ब्रॅकेट वन एम.”

मी माझ्या स्क्रीनवर पाहिलं. प्रत्येक मथळ्याच्या, प्रत्येक ठळक शब्दाच्या आजूबाजूला ती बाई वाचत होती त्याच खुणा होत्या. मला त्यातून वाट काढता येत होती. डोळा कचरा ओलांडून पुढे जातो. पण कानाला तशी उडी मारता येत नाही. त्या पुस्तकात फंक्शनचं प्रत्येक नाव ठळक असतं, एकेका ओळीत चारचार वेळा. तो थोडा वेळ ऐकत राहिला, मग त्याने वायर परत जोडली आणि डॉक बंद केलं.

सर्व्हर सांभाळणारे गृहस्थ कोथरूडच्या ऑफिसात बसायचे. आमच्या टेबलावर साधा फोन होता, त्यावरून मी त्यांना लावला आणि स्पीकर चालू केला.

“आपलं काम झालेलं आहे,” ते म्हणाले. “टिकिट बंद केलंय. मेल वाचली नाहीत का?”

“वाचली. पण डॉक नीट वाचता येत नाही.”

“वाचता येत नाही म्हणजे काय? अक्षरं दिसत नाहीत का?”

माझा सहकारी फोनकडे झुकला. “नाही दिसत, सर,” तो म्हणाला. “पूर्वी दिसायची.”

मग ते गृहस्थ म्हणाले, “माफ करा. मला कल्पना नव्हती.” आवाज खाली आला होता. “पण खरं सांगतो, माझ्याकडे व्यवस्थित उघडतंय. आत्ता समोर आहे.”

त्यांच्याकडे नीट, आमच्याकडे नाही. याच्या पुढे त्या दिवशी काही निघालं नाही. मी मॅनेजरकडे गेले. तो वाईट माणूस नव्हता, पण त्याच्या डोक्यावर तीन प्रोजेक्ट होते आणि आमचं त्यातलं सर्वांत म्हातारं. “अहो मॅडम, वर्षअखेरीस हा प्रोग्रॅमच बंद होणार,” तो म्हणाला. “आता त्यात कशाला जीव घालताय? आणि तुम्ही आहात ना वाचून दाखवायला.”

मी होतेच. बाहेर जायचं तेवढं टळलं होतं, आता माझ्याच स्क्रीनवरून वाचायचं. पण तसं पुस्तक मोठ्याने वाचणं सोपं नसतं. त्यातली अर्धी माहिती चिन्हांत असते. कंस सुरू, डॉलर, अमुक, स्वल्पविराम, चौकोनी कंस सुरू, तमुक, चौकोनी कंस पूर्ण. एसीने घसा कोरडा पडायचा. “पुन्हा सांगा नं, ताई. स्वल्पविराम कंसाच्या आत की बाहेर?” मी पुन्हा सांगायचे. माझं स्वतःचं काम जिथे सोडलेलं असायचं तिथून धागा परत सापडायला वेळ लागायचा, तोवर दुसरा प्रश्न आलेला असायचा. मी कधी चिडले नाही. घरी गेल्यावर मात्र कोणाशी बोलावंसं वाटायचं नाही. नवरा विचारायचा, काय झालं, तर मी नुसता हात हलवायचे. दिवसभर इतकं बोललेली असायचे आणि त्यातलं एक वाक्यही माझं नसायचं.

मग हळूहळू त्याचे प्रश्न कमी झाले. मला बरं वाटलं. मला वाटलं, त्याने काहीतरी मार्ग काढला असणार. त्याच्यासारख्या माणसाला मार्ग काढायची सवय असते.

त्याने काय मार्ग काढलाय ते मला एका गुरुवारी कळलं. आम्ही एकमेकांचा कोड तपासायचो. त्याने दिलेली फाइल मी उघडली तर त्यात नावांच्या यादीचा मधला तुकडा काढून तिथे दुसरा घालायचा होता. त्या भाषेत याला एक फंक्शन आहे, एका ओळीत काम होतं. त्याने ते वापरलं नव्हतं. लूप लावून, एकेक नाव उचलून, नवी यादी बांधून दहाबारा ओळींत तेच केलं होतं. चूक काहीच नव्हती. पण असं तो लिहायचा नाही. नवशिक्या मुलाने असं लिहिलं असतं तर यानेच त्याला समजावून सांगितलं असतं.

“इथे हे असं का?” मी विचारलं.

“चालते नं बरोबर?”

“चालतंय. पण ते फंक्शन आहे की.”

“त्यात आधी जागा येते की आधी संख्या, ते पक्कं आठवत नव्हतं,” तो म्हणाला. “म्हटलं कशाला तुम्हाला उठवा.”

मी खुर्ची मागे सरकवली आणि नुसती बसून राहिले. मला राग आला होता, पण तो कोणावर धरावा ते कळत नव्हतं. कोणीच काही वाईट केलं नव्हतं. मग मी माझं काम बंद केलं आणि खुर्ची त्याच्या टेबलाजवळ नेली.

“आज हे बघून टाकू,” मी म्हटलं. “बाकीचं राहू दे.”

“राहू द्या, ताई. वर्षअखेरीस बंदच होऊन राहिलं.”

“ते मी गेली कित्येक वर्षं ऐकतेय.”

त्याने हेडफोन काढून ठेवला. मग तो बोलायला लागला तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे सगळं त्याने आधीच डोक्यात फिरवून ठेवलेलं होतं, फक्त माझे डोळे मागायचे नव्हते म्हणून तो थांबला होता. “पुस्तक बिघडलेलं नाही,” तो म्हणाला. “सरांकडे उघडते. म्हणजे पुस्तक आणि आपण, याच्या मध्ये कोणीतरी बसलेलं आहे.”

मध्ये बसलेला होता तो पानं दाखवणारा प्रोग्रॅम. आपण डॉक उघडतो तेव्हा खरं तर दोन प्रोग्रॅम मिळून काम करतात. पहिला मजकूर सजवतो आणि ‘इथून ठळक’, ‘इथे ठळक संपलं’ अशा खुणा मध्ये मध्ये घालतो. त्या खुणा माणसासाठी नसतात. दुसरा तो मजकूर घेऊन एकेक पान दाखवतो. त्याने खुणा टर्मिनलकडे जशाच्या तशा सोपवल्या तर आपल्याला ठळक अक्षरं दिसतात. त्याला त्या धोकादायक वाटल्या तर तो त्यांची अक्षरं करून छापतो, आणि मग ती बाई लेफ्ट ब्रॅकेट म्हणत बसते.

“दुसऱ्याला मधून काढून पाहा,” तो म्हणाला.

त्यासाठी कमांडला एक पर्याय जोडता येतो. मी तो जोडला. अख्खं प्रकरण एका दमात स्क्रीनवरून वर पळून गेलं, पण शेवटी थांबलेल्या ओळी स्वच्छ होत्या. एकही खूण नव्हती. म्हणजे त्याचं म्हणणं बरोबर होतं. असं पळतं पुस्तक त्याच्या उपयोगाचं नव्हतं, पण निदान दोष कुठल्या घरात आहे ते कळलं.

मग आम्ही सर्व्हरला विचारलं की पानं दाखवायला तू कोणाला बोलावतोस. उत्तरात प्रोग्रॅमचं नेहमीचंच नाव आलं, आणि त्यापुढे उणे चिन्ह आणि एस हे अक्षर.

“एस?” तो म्हणाला. “एस काहून? आपण तर काही टाकलं नाही.”

दमला किंवा रमला की त्याच्या बोलण्यात यवतमाळ यायचं. आज कशाने आलं ते मला सांगता आलं नसतं.

एस म्हणजे लांब ओळी मोडू नकोस, कडेला कापून टाक. हे कोणाला हवं असणार ते शोधायला फार वेळ लागला नाही. लॉगिन केल्यावर सगळ्यांसाठी चालणारी एक समाईक फाइल असते. तिच्यात ती ओळ होती आणि वर शेरा होता: रिपोर्ट विभागाचे रुंद तक्ते नीट दिसावेत म्हणून. सर्व्हर सांभाळणाऱ्यांचं खातं वेगळं, ते ही फाइल वाचत नाही. म्हणून कोथरूडला सगळं व्यवस्थित.

उपाय एका अक्षराचा होता. एसच्या जोडीला आर घातलं की तो प्रोग्रॅम ठळकच्या खुणा ओळखतो आणि पुढे सोडतो. त्याने स्वतःच्या खात्यात ते घातलं, हेडफोन लावला आणि डॉक उघडलं. तो ऐकत होता आणि त्याचं बोट खाली जायच्या बटणावर एका लयीत पडत होतं. बऱ्याच वेळाने म्हणाला, “आधी जागा, मग संख्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा लेफ्ट ब्रॅकेट. नव्या सर्व्हरवर सुरक्षेच्या नावाखाली प्रत्येकाच्या खात्याची मांडणी रोज पूर्ववत होत होती. म्हणजे आर घालायचं तर समाईक फाइलमध्येच घालायला हवं होतं. मला हसू आलं नाही. मी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, पाणी प्यायले आणि मजल्याच्या दुसऱ्या टोकाला रिपोर्ट विभागात गेले.

ती ओळ लिहिणारी बाई माझ्याच वयाची निघाली. मी सगळं सांगितलं. ती टाइप करता करता ऐकत होती.

“माझ्या तक्त्यांना काही होणार नाही ना?”

“नाही.”

“ओळी कापल्या जातील ना पूर्वीसारख्या?”

“जातील.”

“मग मला विचारताय कशाला? घाला की.” मी वळले तेव्हा ती मागून म्हणाली, “त्यांना त्रास झाला का बराच?” मी हो म्हटलं. तिने टाइप करणं थांबवलं. “मला कसं कळणार हो,” ती म्हणाली, आणि ते खरंच होतं.

बदलाचा अर्ज मी भरला. कारण काय, धोका काय, बिघडल्यास परत कसं फिरवणार. शेवटच्या रकान्यात मी लिहिलं, अक्षर काढून टाकू. मॅनेजरने न वाचता मंजुरी दिली. कोथरूडच्या गृहस्थांनी स्वतःहून फोन केला. “ते आर घातलंय. आपल्या सहकाऱ्यांना बघायला सांगा.” मग घसा खाकरून म्हणाले, “म्हणजे ऐकायला.”

“सांगते,” मी म्हटलं.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही. दहाबारा ओळींचं ते प्रकरण त्याने काढून टाकलं आणि तिथे एक ओळ लिहून माझ्याकडे तपासायला पाठवली. टिकिट बंद झालं, कारणाच्या जागी ‘वापरणाऱ्याच्या शंकेचं निरसन’ असं काहीतरी लिहून. कोणाला काही कळलं नाही. कळायला हवं होतं असंही मला वाटलं नाही. मी एवढी थकले होते की मला फक्त शांतता हवी होती, आणि ती आता खोलीत होती.

निघताना त्याची बस चुकलेली होती. मी त्याला स्कूटरवर पुढच्या मोठ्या थांब्यापर्यंत सोडायला नेलं. ऑफिसं सुटलेली, गाड्या एकमेकींना खेटून उभ्या. सिग्नलला आम्ही बराच वेळ अडकलो. तो मागे काठी घडी करून मांडीवर धरून बसला होता.

“ताई,” तो म्हणाला, “तुम्ही वाचून दाखवायच्या तेव्हा तुमचा आवाज फार थकलेला यायचा.”

“मग बोलला का नाहीस?”

“काय बोलणार? त्या बाईचा आवाज बदलता येते. तुमचा कसा बदलणार?”

पुढच्या टेम्पोचा धूर तोंडावर येत होता.

“आणि तुम्ही कंस फार घाईत वाचता,” तो म्हणाला. “मले दोनदा चुकीचं कळलं होतं. मीच नीट करून घेतलं, तुम्हाला सांगितलं नाही.”

“आता सांगतोयस.”

“आता काय हरकत आहे?”

सिग्नल सुटला. थांब्यावर त्याला उतरवलं. कुठली बस येतेय ते सांगायला मी उभी राहिले, तर तो म्हणाला, जा तुम्ही, इथे विचारायला लोक आहेत. शेजारच्या बाईंना त्याने लगेच विचारलंही. मी स्कूटर वळवली आणि विश्रांतवाडीच्या गर्दीत शिरले. घरी पोचले तेव्हा नवऱ्याने भात लावला होता. जेवताना मी त्याला रिपोर्ट विभागातल्या त्या बाईबद्दल सांगितलं, तिचं ‘घाला की’ तिच्यासारखं म्हणून दाखवलं. तो हसला. मग मी लवकर झोपले.